तिसरं पत्र

मॉरिशसमधल्या कांप दे मास्कला चंद्रकला आत्याच्या घरावर छप्पर चढायला आठ वर्षं आणि दहा महिने लागले. जेर्व्हेज वादळानं तिचं पत्र्याचं घर उचलून उसाच्या शेतात नेऊन टाकलं, त्याच दिवशी आत्यानं सांगून टाकलं होतं की आता पुन्हा पत्रा नाही, आता दालच. दाल म्हणजे काँक्रीटचा स्लॅब. भिंती लवकर उभ्या राहिल्या, पण छपराचं या ना त्या कारणानं लांबत गेलं आणि आत्या मागच्या खोलीत तात्पुरत्या पत्र्याखाली दिवस काढत राहिली. शेवटी त्र्याऐंशी सालच्या डिसेंबरातला पहिला रविवार ठरला. घरावर दाल पडते त्या दिवशी सगळ्या गोतावळ्यानं यायचं असतं. एकदा माल ओतायला सुरुवात झाली की मधे थांबता येत नाही, आणि एवढे हात विकत कुठून आणणार?

इंद्राणी आईबाबांबरोबर कार्तिए मिलितेरहून पहिल्या बसनं आली होती. सकाळपासून ती वांगी चिरत होती, पण लक्ष रस्त्याकडे होतं. बुधवारी तिला पाकिटं टाकायची होती. बुधवारच्या विमानानं गेली तर एक जानेवारीच्या आत अमेरिकेत पोचणार, नाही तर एक वर्ष गेलं.

तीन विद्यापीठं होती. तिन्हींचेही अर्ज भरून, टाइप करून तयार होते. ऑक्टोबरात पोर्ट लुईला जाऊन तिनं परीक्षा दिली होती. पुण्याहून एम.ए.च्या गुणपत्रिका लाखेचं सील लावून आल्या होत्या. 'मला पीएच.डी. का करायची आहे' हे दोन पानांत सांगायचं होतं, ते तिनं नऊ वेळा लिहिलं. पहिल्या आठ खेपा 'लहानपणापासून मला भाषेची आवड' अशाच सुरू व्हायच्या. पुण्याच्या तिच्या बाईंना तिनं आठवी खेप पाठवली, तर त्यांनी उलट टपाली एकच ओळ लिहिली होती: 'आवड कळली, प्रश्न काय आहे?' मग नवव्या खेपेला तिनं प्रश्न लिहिला. दीडशे वर्षांपूर्वी कोकणातून आणि देशावरून उसाच्या मळ्यात आलेल्या माणसांची मराठी या बेटावर कशी जगली, तिनं इथल्या फ्रेंच वळणाच्या क्रेओल बोलीकडून काय घेतलं आणि काय सोडलं नाही?

नमुना म्हणून बावीस पानांचा निबंध जोडायचा होता. तो आत्याच्या बोलण्यावर होता. आत्या बोलली ते टेपवर घेऊन इंद्राणीनं जसंच्या तसं उतरवलं होतं.

शिफारसपत्रं तीन लागत होती. एक पुण्याच्या बाईंचं, एक ती शिकवायची त्या कॉलेजच्या प्राचार्यांचं. तिसरं मोठे काका देणार होते. हरिलाल काका म्हणजे तिच्या बाबांचे थोरले भाऊ, निवृत्त शाळा तपासनीस, मराठी मंडळाचे अध्यक्ष. देवळामागच्या खोलीत रविवारी मुलांना मराठी शिकवायला त्यांनीच सुरुवात केली होती, आणि पुण्याहून परतल्यापासून इंद्राणी त्यांच्या हाताखाली तिथे शिकवत होती. तिचं काम त्यांच्याइतकं कुणी पाहिलेलं नव्हतं.

काका नऊ वाजता आले. बाकी सगळे पुरुष फाटक्या कपड्यांत होते, काका इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. हातात फाइल. त्यांचा मुलगा इंद्रजीत मागून आला आणि सरळ बादल्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

"इंद्राणी, जरा इकडे ये," काका म्हणाले आणि लिचीच्या झाडाखाली जाऊन थांबले.

त्यांनी फाइल उघडून तिच्या हातात दिली. पत्रासाठी तिनं वाचायला दिलेला निबंध होता. तिनं पान उलटलं. आत्याच्या प्रत्येक वाक्यावर लाल शाई होती. 'हाय'चं 'आहे' केलेलं, 'न्हवं'चं 'नव्हे'. 'बुटिक' खोडून वर 'दुकान'. बारीक, वळणदार, तपासनिसाच्या अक्षरात बावीसच्या बावीस पानं दुरुस्त केलेली.

"काका, ही आत्याची वाक्यं आहेत."

"ठाऊक आहे. म्हणून तर सुधारली."

"पण ती सुधारली तर निबंधात काही उरतच नाही. ती अशी बोलते, हाच तर निबंध आहे."

"माझं ऐक." काकांचा आवाज चढला नाही, कधीच चढत नसे. "तिकडे अमेरिकेत बसलेला माणूस हे वाचणार आणि म्हणणार, मॉरिशसच्या मराठी लोकांना मराठी येत नाही. अर्धं क्रेओल, अर्धं गावंढळ. सरकारदरबारी खेटे घालून मी शाळांत मराठी आणली ती काय यासाठी? तू एवढं शिकलीस ती आपलं हसं करून घ्यायला?"

"हसं कोण करतंय? मी लिहिलंय की हे चुकीचं मराठी नाही. याला स्वतःचे नियम आहेत."

"नियम!" काकांनी तिच्या हातातली फाइल घेऊन मिटली. "हे बघ, पत्र मी लिहीन. मनापासून लिहीन. तू हे दुरुस्त करून पुन्हा टाइप कर. तसंच पाठवायचं असेल, तर मला माफ कर. माझं नाव त्यावर नको."

असं म्हणून ते व्हरांड्यात खुर्चीवर जाऊन बसले.

इंद्राणी चुलीपाशी परतली तेव्हा आईनं, कुसुमावतीनं, तिच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि डाळ ढवळत राहिली. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाली, "मग कर की दुरुस्त. भावोजी वाईट सांगतेत व्हय? त्यांच्यामुळं तू पुण्याला गेलीस. त्यांनी शब्द टाकला म्हणून स्कॉलरशिप मिळाली."

"आई, ते खोटं होईल."

"आत्याचं बोलणं जरा नीट करून लिवलं तर खोटं? फोटो काढाया बसताना आपण केस विंचरतोच की."

इंद्राणी रागानं तिथून निघाली.

बाबा शिडीच्या पायथ्याशी होते. त्यांचं नाव देवराज, मंत्रालयात हेडक्लार्क, जन्मात कुणाशी भांडले नव्हते. दोन बादल्यांच्या मधे त्यांनी तिला हळूच सांगितलं, "दादाला हो म्हण. पत्र घे. पाकिटात मात्र तुझाच निबंध घाल. दादा काय अमेरिकेत बघाया येतोय?"

इंद्राणी त्यांच्याकडे पाहतच राहिली. सरकारी फाइलमध्ये स्वल्पविरामसुद्धा न हलवणारा हा माणूस तिच्यासाठी आपल्या भावाला फसवायला तयार झाला होता. आणि तिला मोह झाला. खोटं कशाला बोला, चांगलाच झाला. तिनं व्हरांड्याकडे पाहिलं. काका फाइल मांडीवर ठेवून, मान वर करून, आत्याच्या घरावर चढणाऱ्या बादल्या मोजत होते. चार वर्षांची असताना याच मांडीवर बसून तिनं 'अ' गिरवला होता.

"नको बाबा," ती म्हणाली. "तसं मिळालेलं पत्र मला पचायचं नाही."

"बघ बुवा," बाबा म्हणाले आणि त्यांनी पुढची बादली उचलली.

दीडच्या सुमारास दाल पुरी झाली. शेवटची बादली ओतल्यावर गवंड्यानं वरूनच आरोळी ठोकली. आत्या अंगणात हात जोडून उभी होती. एकाहत्तर वर्षांची, काटक, डोक्यावरचा पदर सिमेंटच्या धुळीनं पांढरा झालेला. तिनं वर पाहून नमस्कार केला आणि लगेच ओरडली, "चला, हात धुवा. भात निवतोय."

पंगत झाडाखाली बसली. भात, डाळ, वांगं-बटाटा, टोमॅटोची चटणी. सगळे थकलेले आणि खुशीत होते. फक्त काका आणि इंद्राणी एकमेकांकडे न बघता जेवत होते, आणि असं फार वेळ आत्याच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं.

"काय झालं गं? हरीनं काय म्हटलं तुला?"

मग आईनंच सांगितलं, की आत्याचं बोलणं इंद्राणीनं लिहून काढलंय, ते भावोजींनी दुरुस्त केलंय, आणि त्यावरून अडलंय.

आत्यानं घास खाली ठेवला. "माझं बोलणं? आन् ते दुरुस्त? मी काय बिघडले व्हते?" मग इंद्राणीकडे वळून, "मशीन आणलीस न्हवं? लाव. मला बी ऐकू दे मी काय बोलले ते."

इंद्राणीनं काकांकडे पाहिलं. ते ताटातच बघत होते. तिनं पिशवीतून टेपरेकॉर्डर काढला, कॅसेट थोडी मागे घेतली आणि बटण दाबलं.

आत्याचाच आवाज आला, जरा पातळ, मागे कोंबडी. आत्या आपल्या आईची, म्हणजे हरिलाल-देवराजच्याही आईची, गोष्ट सांगत होती. मळ्यावरचे दिवस. आईची शेळी सुटून गोऱ्या साहेबाच्या बागेत शिरली. आई धावत फाटकापाशी गेली.

"'साहेब, माझी शेळी?' आई इचारती. सायब लाल. फुलांच्या वाफ्याकडं बोट करून वरडतोय, 'से ला! से ला!' त्याच्या भाषेत म्हंजे, हे बघ तिथं काय केलं! आईला वाटलं, बया, गोऱ्याला मराठी येती! पर चुकतोय. म्हणून आई त्याला नीट सांगती, 'शेळा न्हवं साहेब, शेळी. मादी हाय.' सायब पुन्हा, 'से ला!' आई पुन्हा, 'न्हाय साहेब, शेळी म्हणा, शे-ळी.' शेवटाला सायब दमला. म्हणला, 'शेळी.' आई म्हणली, 'आता कसं!' आन् शेळी घेऊन घरला आली."

पंगतीत पहिल्यांदा फुटला तो इंद्रजीत. तोंडातला भात सांभाळत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत तो हसत होता. "आयो, मो पे मोर!" मेलो, मेलो करत त्यानं बाबांच्या खांद्यावर हात मारला. मग सगळेच हसले. आत्या तर स्वतःचीच गोष्ट पहिल्यांदा ऐकत असल्यासारखी हसली.

काका हसले नाहीत. ते इंद्रजीतकडे पाहत होते.

तीस वर्षांचा इंद्रजीत बँकेत नोकरीला होता आणि घरात बापाशी क्रेओलमध्ये बोलायचा. लहानपणी काकांनी त्याला रोज संध्याकाळी समोर बसवून मराठी शिकवायचा प्रयत्न केला होता. त्याच्या तोंडून वाक्य फुटत नसे, काका दुरुस्त करत, तो गप्प होई. अकराव्या वर्षी त्यानं वही बंद केली ती केलीच. घरात त्याविषयी कुणी बोलत नसे.

"तुला कळलं?" काकांनी विचारलं.

"काय?"

"ही गोष्ट. आक्का बोलली ते."

"सगळं," इंद्रजीत डोळे पुसत म्हणाला. मग जरा थांबून, शब्द शोधत, तुटक मराठीत म्हणाला, "आत्या बोलते ते मला... नेहमी कळते, पापा."

इंद्राणीनं टेप बंद केली. काकांनी फाइल उघडली आणि पान शोधलं. त्या पानावर त्यांनी 'से ला' खोडून वर लिहिलं होतं: 'तिकडे पाहा.' आणि 'शेळा न्हवं'शेजारी समासात प्रश्नचिन्ह करून ठेवलं होतं. त्यांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं.

जेवणं उरकल्यावर ते स्वतःच इंद्राणीपाशी आले. उभ्याउभ्याच बोलले.

"एक्कावन्न साली मी पुण्याला गेलो होतो. शिक्षकांच्या प्रशिक्षणाला. पहिल्या दिवशी खानावळीत कुणी तरी विचारलं, जेवण झालं का? मी म्हटलं, 'मी जेवान करून आलो हाय.' अख्खी खानावळ हसली. दोन वर्षं मला तिथे 'हाय' म्हणत होते. अहो हाय, या हाय." ते थांबले. "परत येताना बोटीवर मी ठरवलं, की या बेटावरच्या एकाही पोरावर ती पाळी येऊ द्यायची नाही. तुझ्यावर तर नाहीच."

हे इंद्राणीला कधीच कुणी सांगितलं नव्हतं. काकूंनाही ठाऊक होतं की नाही, देव जाणे. तिनं गप्प राहायला हवं होतं, पण तोंडातून निघून गेलं, "मलाही हसले, काका."

"तुला? का? मी तुला शुद्ध शिकवलं होतं."

"म्हणूनच. हॉस्टेलच्या मुली म्हणायच्या, ही पाठ्यपुस्तकासारखी बोलते. भाजीवालीला मी 'कृपया' म्हणायची."

काकांचा चेहरा पाहून तिला वाटलं, शब्द परत घेता आले असते तर! पण काकांच्या ओठाच्या कोपऱ्यात काही तरी हललं. हसू म्हणता येईल एवढं नाही.

"कृपया," ते पुटपुटले. फाइल त्यांनी तिला दिली नाही. काखेत धरली आणि इंद्रजीतला हाक मारून ते त्याच्या गाडीकडे गेले.

सोमवार गेला, मंगळवार गेला. बाबा दोनदा भावाच्या फाटकापर्यंत जाऊन परत आले. आईनं काही विचारलं नाही, फक्त मंगळवारी देवापुढे दिवा लावताना नेहमीपेक्षा जास्त वेळ उभी राहिली. 'भावोजी सांगतात ते कर' हे तिनं त्या दोन दिवसांत एकदाही म्हटलं नाही.

बुधवारी सकाळी सात वाजता काका दारात आले. हातात फाइल, आणि वर तीन पांढरी पाकिटं. तिन्ही बंद, चिकटवल्या जागेवर आडवी सही, नियमात होतं तशी.

"निबंध तसाच पाठव," ते म्हणाले. "माझी लाल शाई असलेली प्रत मी ठेवून घेतो."

इंद्राणी वाकून नमस्कार करायला गेली, तर त्यांनी हात धरून थांबवलं.

"आधी ऐक. तुला आवडेल असं मी काही लिहिलेलं नाही. तुझं म्हणणं मला मान्य नाही. मुलांना शाळेत शुद्ध भाषाच शिकवली पाहिजे, असं माझं मत आहे आणि मी तसंच लिहिलंय. सविस्तर लिहिलंय. बाकी तुझ्याविषयी जे खरं आहे तेही लिहिलंय. आता हे टाकायचं की नाही, तू ठरव."

ते गेले. पाकिटं टेबलावर पडून होती.

"हे कसलं शिफारसपत्र?" बाबा हळहळले. "दादानं तर फासच दिला हातात. दुसरं कोण मिळंल का आज?"

मिळालं असतं. कॉलेजमधल्या कुणीही चार गोड ओळी लिहून दिल्या असत्या. इंद्राणी पाकिटांकडे पाहत बसली. काकांना खोटं लिहिता येत नव्हतं, आणि हा माणूस दोन रात्री बसून तिच्याशी कागदावर भांडला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तिची वही तपासली नव्हती, तिला उत्तर दिलं होतं.

"आई, माझी पोर्ट लुईची बस किती वाजता?" ती म्हणाली.

"आठला," आई म्हणाली. "बस, चहा घे. मी बी येते. एवढी मोठी पाकिटं एकटीनं टाकू नयेत."

उत्तरं यायला मार्च उजाडला. पहिलं पाकीट पातळ होतं, आणि पातळ पाकीट म्हणजे नकार हे पोस्टमनलाही कळलं असावं, कारण त्यानं ते न बोलता दिलं. दुसरं पंधरा दिवसांनी आलं, तेही तसंच. त्या दिवशी इंद्राणी वर्गावर गेली, शिकवलं, घरी येऊन कपडे वाळत घातले आणि मग दार लावून रडली. बाबा दाराबाहेर दोन तास वर्तमानपत्र वाचत बसले.

तिसरं एप्रिलच्या बारा तारखेला आलं. ते जाडजूड होतं. प्रवेश दिला होता, फी माफ केली होती, आणि वर्गावर शिकवण्याचं काम दिलं होतं, ज्यात तिचं राहणं-खाणं निघणार होतं. टाइप केलेल्या मजकुराखाली विभागप्रमुख बाईंनी हातानं चार ओळी लिहिल्या होत्या. इंद्राणीनं त्या वाचल्या, पुन्हा वाचल्या, आणि चप्पल न घालताच काकांच्या घराकडे धावत सुटली. मागून बाबा. त्यांच्यामागून, ओले हात पदराला पुसत, आई.

काका व्हरांड्यात होते. चष्मा लावून त्यांनी मोठ्यानं वाचलं आणि वाचता वाचता मराठीत सांगितलं: "'यंदा आमच्याकडे आलेल्या अर्जांत स्तुतीची पत्रं खूप होती. शिफारस करणाऱ्यानं अर्जदाराशी चार पानं वाद घातलाय आणि शेवटी हिला घेतलंच पाहिजे असं बजावलंय, असं एकच होतं. हा वाद आम्हाला ऐकायचा आहे.'"

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"त्यांना कळव," ते म्हणाले, "माझं मत बदललेलं नाही."

"कळवते, काका."

"किती वर्सं लागतील?" आईनं विचारलं.

"पाच."

आईनं मान हलवली. तेवढ्या वेळात तिनं मनाशी काय मोडलं आणि काय जुळवलं, ते तिचं तिलाच ठाऊक. "मग दोन स्वेटर तरी विणाया लागतील," ती म्हणाली.

काका उठले. "देवराज, चल. आक्काला सांगायला हवं. तिला वाचता येत नाही, तिला हे समोर जाऊनच सांगायला हवं. इंद्राणी, पायात काही घाल."

कांप दे मास्कच्या बसमध्ये गर्दी होती. काकांना खिडकीजवळ जागा मिळाली, शेजारी इंद्राणी. बाबा आणि आई मागे उभे. बाहेर ऊस दोन्ही बाजूंनी उंच झाला होता. काकांनी तिकिटाची बारीक घडी घातली. मग म्हणाले, "पीएच.डी. म्हणजे काय, हे आक्काला कसं सांगायचं?"

"संशोधन म्हणून?"

"तिला नाही कळायचं." त्यांनी गळा साफ केला. खिडकीबाहेर बघत, ओठांतल्या ओठांत काही तरी जुळवून पाहिलं, सोडून दिलं, पुन्हा जुळवलं. मग अगदी हळू, शेजारच्या माणसाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं, त्यांनी म्हणून बघितलं, "आक्का, आपली पोर लई लांब चालली हाय. तू बोलतीस ते शिकाया."

काकांनी कानोसा घेतल्यासारखं तिच्याकडे पाहिलं.

"बरोबर आहे का?" त्यांनी विचारलं.